वाढदिवसाचा वाडगा

कोरियातल्या इंचॉनच्या आमच्या गल्लीतलं ओकबुनआजींचं नूडल्सचं दुकान उठवायला बिल्डरने पाच गुंड पाठवले. चौघांनी हातोड्यांनी टेबलं फोडली. म्होरक्याने, आधी चव बघू म्हणून, बर्फातल्या नूडल्स मागवल्या. आजींनी वाडगा ठेवला, लांब नूडल्स गिऱ्हाइकाला कापून द्यायच्या सवयीने कात्री उघडली. “कापू नका आजी, आज वाढदिवस आहे.” वाढदिवसाच्या नूडल्स कापल्या की आयुष्य तुटतं, हे गुंडांच्या आयाही शिकवतात. “कितवा रे?” “चाळिसावा.” “पुष्कळ जगलास की!” आजींनी कात्री वाडग्यात खुपसली. घाबरून त्याने मध्ये हात घातला. कचकन आवाज आला. करंगळीचं पेर रश्श्यात पडलं, बर्फ लाल झाला. चौघांचे हातोडे गळाले. तो मात्र नूडल्सच चाचपत होता. “अख्ख्या आहेत!” “मग खा,” आजी म्हणाल्या, कात्री उघडीच होती. त्याने रडत, दात न लावता वाडगा संपवला. “पुढच्या वाढदिवसाला ये. दुकान इथेच असेल.”