बसाप्पांचं रक्त

"बसाप्पा तुमचे कोण?" डॉ. मेहक मुजावर यांनी विचारलं.

"सासरे," विद्याश्री म्हणाली.

डॉक्टरांनी दार लोटून घेतलं. विद्याश्री शाहूपुरीतल्या त्या लॅबमध्ये नुसता रिपोर्ट न्यायला आली होती. बसाप्पांना कैलास-मानसरोवरला जायचं होतं. साखर असलेल्या माणसाला यात्रा कंपनी नेत नव्हती, आणि बसाप्पांची साखर जुनी. महिनाभर ते नाक दाबून कारल्याचा रस पीत होते. परवा लॅबचा माणूस शिरोलीच्या कारखान्यावर येऊन रक्त घेऊन गेला होता.

"साखर एकदम व्यवस्थित आहे," डॉक्टर म्हणाल्या. "काळजी वेगळीच आहे."

"म्हंजे?"

"हे बघा, मी तुमच्या सासऱ्यांना पाहिलेलं नाही. माझ्यापुढं पेशंट येत नाही. काचेवर रक्ताचा थेंब येतो, तो मी सूक्ष्मदर्शकाखाली बघते. मशीनचे आकडे पटले नाहीत म्हणून दोन काचा करून पाहिल्या. पांढऱ्या पेशी भलत्याच वाढल्यात, त्याही कच्च्या. हा रक्ताचा कॅन्सर आहे."

विद्याश्रीने पदर सावरला. ती रडेल असं वाटून डॉक्टरांनी पाण्याचा ग्लास पुढं केला.

"किती दिवस काढतील?"

"काहीच केलं नाही तर दोन-तीन महिने. पण लगेच मुंबईला नेलंत तर आशा आहे. हाडातला मगज तपासून खात्री करतील आणि औषध सुरू करतील. वाचतात माणसं. फक्त वेळ घालवू नका. आणि त्यांना एकदम सांगू नका, माणूस खचतो. आधी घरच्यांनी मिळून ठरवा."

"न्हाय सांगत," विद्याश्री म्हणाली. हा शब्द मात्र तिने पाळला.

बसाप्पांवर तिचा राग होता आणि तो उगाच नव्हता. लेथच्या कारखान्याच्या किल्ल्या सासऱ्यांच्या कमरेला आणि मरमर राबायला तिचा नवरा, श्रीशैल. हल्ली तर तो ताटावरच डुलक्या घ्यायचा. जिना चढताना मध्येच थांबून कठडा धरायचा. एक कामगार वाढवा, असं तिने एकदा भीत भीत सुचवलं, तर म्हातारा सगळ्यांदेखत म्हणाला होता, "तुझा नवरा काय शोकेसमधी ठिवायचा हाय?" आणि स्वतः संध्याकाळी रंकाळा तळ्यावर हवा खायला. हा माणूस आपल्या नवऱ्याचा जीव घेणार, याबद्दल तिला शंका नव्हती. आता देवानेच मध्ये हात घातला होता. आपण फक्त गप्प बसायचं.

साखरेचा कागद वेगळा होता, पेशींचा वेगळा. पेशींचा कागद तिने घरी पोचायच्या आधीच बारीक फाडून गटारात टाकला.

"काय म्हणती डॉक्टरीन?" बसाप्पांनी दारातच विचारलं.

"समदं चांगलं हाय, मामंजी. साखरसुद्दा."

बसाप्पा श्रीशैलकडं बघून खो खो हसले.

श्रीशैल तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात आला. "समदंच चांगलं हाय न्हवं? रगतबिगत?"

"व्हय की. एकदम नितळ."

"मग बरं झालं," तो म्हणाला, आणि बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवला. राबवून घेणाऱ्या बापाची एवढी काळजी करणारा मुलगा पाहून विद्याश्रीला त्याची कीव आली. असल्या भोळ्या माणसाला तर काही सांगूच नये.

यात्रा कंपनीच्या माणसाने साखरेचा कागद पाहिला आणि मान डोलावली. बसाप्पा निघाले तेव्हा विद्याश्रीने त्यांना शेंगदाण्याचे लाडू बांधून दिले, वाकून नमस्कार केला. ते परत येतील असं तिला वाटत नव्हतं. शिवाच्या दारात देह ठेवायला मिळतो कुणाला, अशी तिने स्वतःची समजूत घातली आणि त्या रात्री तिला छान झोप लागली.

किल्ल्या श्रीशैलकडं आल्या. सगळा भारही त्याच्यावरच आला. त्याला ताप येऊ लागला, दात घासताना रक्त येऊ लागलं.

"दवाखान्यात जाऊन या की," विद्याश्री म्हणाली.

"कशाला? दुखणं न्हाय मला कायबी. कामाचा शीण हाय."

"थोडं दिवस कळ काढा. मग तुमीच मालक," ती म्हणाली. तो हसला.

काठमांडूहून बसाप्पांचा फोन आला. आवाज खणखणीत. मरणारी माणसं शेवटी अशीच ताजीतवानी होतात, असं तिने ऐकलं होतं.

त्यांना आणायला दोघं सकाळी स्टेशनवर गेली. श्रीशैलला उभं राहवेना, म्हणून तो बाकावर टेकला. गाडी थांबली आणि बसाप्पा स्वतःची ट्रंक स्वतःच उचलून उतरले. उन्हाने रापलेले, पहिल्यापेक्षा धट्टेकट्टे. उतरल्या उतरल्या ते यात्रेतल्या लोकांना मोठ्या आवाजात निरोप देऊ लागले.

विद्याश्री नवऱ्याशेजारी येऊन बसली.

"अहो, ती डॉक्टरीन खोटं बोलली मला."

"काय खोटं?"

"मामंजींच्या रगतात कॅन्सर हाय म्हणली हुती. दोन-तीन महिन्यात जातील म्हणली. लगीच मुंबईला न्या, वाचतील म्हणली. मी कुणाला बोललेच न्हाय. कागद फाडून टाकला. तुमच्यासाठीच केलं. तुमास्नी त्यांनी राबवून मारलं असतं."

श्रीशैलने एकदा बापाकडं बघितलं. मग त्याने बायकोचा हात हातात घेतला. त्याचा हात तापाने पोळत होता.

"साखर निघंल म्हणून आप्पा लॅबच्या माणसाम्होरं हात फुडं करीनात," तो म्हणाला. "त्यांच्या नावावर मीच रगत दिलतं."