आठव्या महिन्यातली मोळी

अरे ऐका तर! उत्तरेश्वर पाटोद्याच्या चर्चमधून पळतच घरी आला. दुष्काळात दोघं नवरा-बायको सहकारी कारखान्याच्या ऊसतोडीला गेलते, तवा आठव्या महिन्यात त्यानं सत्यभामेला उसाची मोळी उचलायला लावलती. लेकरू पोटातच गेलं. गावात मात्र त्यानं सांगितलं, हिची कूसच खोटी. तवापासून तिला बारशाला कुणी बोलवत न्हाई. बारा वर्सांनी आज तो येशूपुढं ढसाढसा रडला, सगळं कबूल केलं.

“सत्यभामे, देवानं माफ केलं गं! लई मोकळं वाटतंय!”

तिनं भाकरी तव्यात टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला.

“देवाला तर तवाच ठाऊक हुतं,” ती म्हणली. “गावाला कवा सांगताल?”