उतरलेली पातळी

"गोळ्या वेळेवर घेता ना?" डॉक्टरांनी तिसऱ्यांदा विचारलं.

"घड्याळ लावून," धाकटा म्हणाला. "आता तर घड्याळच मला विचारून चालतं."

कुणी हसलं नाही. शेजारी बसलेल्या ताईचा हात नकळत स्वतःच्या कुशीवर गेला. चार महिन्यांपूर्वी तिथली किडनी काढून याला बसवली होती. त्याच्या शरीराने ती परकी म्हणून झिडकारू नये, यासाठी दिवसातून दोनदा गोळी, जन्मभर. आणि त्या गोळीचं औषध त्याच्या रक्तात जेमतेम निम्मं उरलंय, असं आजचा रिपोर्ट सांगत होता.

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिचं शिवणाचं मशीन दोन महिने बंद होतं, अजूनही वाकलं की टाके ओढायचे. आणि हा पठ्ठ्या मजेत! ऑपरेशन झाल्यापासून त्याच्या विनोदांना नुसता ऊत आला होता. फोन उचलला की चुटका, दार उघडलं की कुणाची तरी नक्कल. अशा माणसाला गोळ्यांची आठवण राहणार कशी?

"डबी दाखव," ती म्हणाली. तो चुळबुळ करायला लागला, तशी तिने त्याची पिशवीच टेबलावर पालथी केली.

डबीतले आजवरचे सगळे खण रिकामे होते. एकही गोळी चुकलेली नव्हती. पण डबीमागोमाग कॅप्सूलची एक छोटी बाटली घरंगळत आली. तिच्यावर पिवळ्या फुलांचं चित्र होतं.

"ते काही नाही हो," धाकटा घाईघाईने म्हणाला. "झाडपाल्याचं आहे. त्याने काय होतंय?"

डॉक्टरांनी लेबल वाचलं आणि ते खुर्चीत मागे रेलले.

"सापडला चोर! ही वनस्पती रक्तात गेली की लिव्हरला कामाला जुंपते. मग लिव्हर बाकीची औषधंही भराभर मोडून टाकतं. तुम्ही गोळी इमानाने घेत होतात, ती अंगात टिकत नव्हती. ही कॅप्सूल आजपासून बंद. दर दोन दिवसांनी रक्त तपासू, पातळी येईल जागेवर. किडनी ठणठणीत आहे."

ताईचा जीव भांड्यात पडला. आपण उगाच याला बोल लावला, असं वाटून ती खजीलही झाली. तिने बाटली उचलली आणि बारीक अक्षरं मोठ्याने वाचली. "उदास मनाला उभारी देण्यासाठी."

धाकट्याने मान खाली घातली.

"सकाळी अंथरुणातून उठवत नाही गं महिनाभर. पण तू एवढं दिलंस. तुझ्यापुढे रडकं तोंड घेऊन कसा येऊ?"

ताईने त्याचा कान धरला, आणि मग सोडून त्याला जवळच ओढलं.

"गाढवा, किडनी देताना हसत राहायची अट घातली होती का मी?"