आरशावरची वाफ

बोलायला शिकवणाऱ्या मॅडमनी माझ्या लेकीच्या नाकाखाली छोटा आरसा धरला आणि म्हणाल्या, "म्हण, बाबा."

"बाबा," ती म्हणाली. आरसा लख्ख राहिला. नाकातून हवा निसटली असती, तर त्यावर वाफ धरली असती. सोळा वर्षांत चार ऑपरेशनं झाली, शेवटचं या दिवाळीनंतर. मॅडमनी वहीत बरोबरची खूण केली.

जन्मतःच तिची टाळू दुभंगलेली. 'ब' म्हणायला गेली की 'म' व्हायचा, म्हणून वडिलांना ती 'मामा' म्हणायची. एसटीत बायका त्यांना विचारायच्या, "भाचीला कुठं घेऊन निघालात?" हे सांगायचे, "दवाखान्यात." भाची नाही, लेक आहे, असं तिच्यादेखत कधी म्हणाले नाहीत. दर महिन्याच्या त्या खेपा त्यांनीच केल्या. गणपतीत ते गेले आणि मग या खोलीत मी पहिल्यांदा आले.

घरी पोचल्यावर मी तिला म्हटलं, "जा, फोटोपुढं म्हण एकदा. त्यांनी ऐकायला हवं होतं."

ती फोटोसमोर उभी राहिली. मग माझ्याकडं वळून स्वच्छ शब्दांत म्हणाली, "आई, या हाकेला ते कधी वळलेच नाहीत. मीच बोलावतेय, हे त्यांना कळणार कसं?"

आणि फोटोकडं बघत तिनं पहिल्यासारखीच हाक मारली, "मामा."