उरलेले बूट

"थेंब नकोत," सून म्हणाली आणि तिने बाळाचं तोंड खांद्यावर दाबलं. "आजार सापडलाय नाक्यापलीकडे. तिकडच्यांना पाजा. आपल्याकडे कुठंय आता पोलिओ?"

थेंब देणारी नर्स बुटांच्या दुकानाच्या पायरीवर पेटी घेऊन उभी होती. सीमेचा नाका समोरच होता. बाळाचे मागचेही थेंब चुकले होते, म्हणून ती हलायला तयार नव्हती.

आत सासरे, म्हणजे शिंपीमास्तर, बूट घालून बघत होते. नातू नुकताच पाऊल टाकायला लागला होता. आज त्याचे पहिले बूट घ्यायचे, म्हणून मास्तर सकाळपासून हवेत होते. सुनेचं बोलणं त्यांनी ऐकलं, पण रागावले नाहीत. त्यांचा राग फक्त बोथट कात्रीवर निघायचा.

मास्तरांचा डावा पाय लहानपणीच्या तापात वाळला, तो तसाच राहिला. त्यामुळे दुकानदार त्यांच्यासाठी नेहमी दोन जोड काढायचा. लहानातला डावा, मोठ्यातला उजवा, असा मास्तरांचा संसार. उरलेले दोन त्याने खोक्यात भरले.

"हे टाकून देता ना?" सुनेने दुकानदाराला विचारलं. इतक्या दिवसांत तिला हा प्रश्न पडलाच नव्हता.

"टाकतोय कशाला? पलीकडे एक घड्याळजी आहे. त्याचा उजवा पाय असा. त्याला बरोब्बर बसतात."

"भला माणूस," मास्तर लेस बांधत म्हणाले. "कधी भेट नाही, पण त्याच्यामुळे माझा एकही बूट वाया गेला नाही. एकाच साली आजारी पडलो आम्ही. त्या तापाला नाक्यावर कुणी अडवलं नव्हतं, सूनबाई."

सून खोक्यातल्या त्या विजोड बुटांकडे बघत राहिली. मग बाळाला घेऊन पायरीवर गेली. बाळाने थेंब गिळले, तोंड वेडंवाकडं केलं आणि नर्सच्या पेटीवर लाथा झाडल्या. मास्तरांना इतकं बरं वाटलं की त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी ते लपवलंही नाही.

"आता या छोट्या साहेबांचं बघू," सून बाळाला घेऊन आत येताच दुकानदार म्हणाला.

"दोन जोड काढ," मास्तर सवयीने बोलून गेले.

"दोन कशाला, मास्तर?"

नातवाची दोन्ही पावलं मास्तरांनी तळहातावर शेजारी शेजारी धरून पाहिली.

"खरंच की. एकच दे," ते म्हणाले. "आणि ते खोकं पलीकडे पाठवशील ना, तेव्हा त्याला निरोप दे. म्हणावं, नातवाला एकच जोड लागला."