कोरं सोडू नका

"कोरं काही सोडायचं नाही," अक्षय सर म्हणाले आणि त्यांनी फळ्यावर मोठा 'सी' काढला. चार पर्यायांच्या ज्या प्रश्नाचं उत्तर मुळीच येत नाही, त्या प्रत्येकाला हेच अक्षर भरायचं. एकदा बी, एकदा डी असं नाचायचं नाही. चुकलं तर गुण कापत नाहीत. लागलं तर आपलं.

पोरांनी ते लगेच उतरवून घेतलं. काहींनी त्याखाली रेघही मारली.

मागच्या बाकावरच्या सुलोचनाबाईंनी पेन उचललं नाही. डिचोलीच्या एका पतसंस्थेत त्या मुख्य हिशेबनीस होत्या. चाळिशी उलटल्यावर सीए इंटरला बसत होत्या, कारण संस्थेने त्यांच्या डोक्यावर एक सीए झालेला पोरगा आणून बसवला होता आणि तो त्यांना 'आंटी' म्हणायचा. रविवारच्या या क्लासला त्या नेमाने यायच्या आणि दर वेळी त्यांना वाटायचं, इथे विषय सोडून बाकी सगळं शिकवतात.

आज प्रश्नांचे प्रकार चालले होते. थिअरीत कलमाचा आकडा आठवत नसेल तर चुकीचा लिहायचा नाही, 'संबंधित कलमानुसार' म्हणायचं. निष्कर्ष वेगळा काढून लिहायचा, कारण तपासणारा तेवढाच वाचतो. केस स्टडीत आधी खालचे प्रश्न वाचायचे, मग वरची हकिकत. निम्मी हकिकत भरतीची असते. हे सगळं बाईंनी ओठ मुडपून ऐकलं होतं. 'सी' आल्यावर मात्र त्यांनी हात वर केला.

"सर, असं करून कोण पास झालंय?"

"मी," सर म्हणाले. "फायनलला असेच पाचसहा मारले होते. दोन लागले."

वर्ग हसला. सर निदान थोडे ओशाळतील असं बाईंना वाटलं होतं. ते फळा पुसायला लागले. सुट्टीनंतर बहुपर्यायी प्रश्नांचा सराव आहे, पुसता पुसता ते म्हणाले, आणि त्यात ज्यांना निम्मेही गुण पडणार नाहीत त्यांनी यंदा परीक्षेचा नाद सोडावा. क्लासचं नाव खराब होतं.

सुट्टीत सगळे खाली गाड्यावर भाजीपाव खायला गेले. बाईंच्या शेजारी बसणारी सायली एका बाजूला उभी होती. तिचे वडील दोडामार्गकडचे. खाणीवर टिपर चालवायचे. खाणी बंद पडल्यावर मोपाला विमानतळाच्या बांधकामावर मजुरीला जायला लागले. सायली मागे दोनदा नापास झाली होती. हे सगळं बाईंना ठाऊक होतं, तरी त्यांनी तिलाच गाठून आपलं मत ऐकवलं. आमच्या वेळी येत नसेल तर पान कोरं ठेवायचो आणि मान वर करून बाहेर यायचो. ही माकडं उद्या लोकांच्या ताळेबंदांवर सह्या करणार. असं पास होण्यापेक्षा नापास बरं.

सायली पाव भाजीत बुडवून खात राहिली. बाई आणखी जवळ सरकल्या.

"तूही लिहून घेतलंस ना? येत नाही ते भरताना लाज नाही वाटत?"

"वाटता," सायली म्हणाली. तिने शेवटचा तुकडा खाल्ला, बोटं पुसली. "पण मॅडम, तुमका कोरा सोडूक परवडता. तुमची नोकरी आसा. माका ह्या खेपेक नाय झाला, तर बापाशीबरोबर मोपाक कामाक जावचा लागतला."

तिचा सूर भांडणाचा नव्हता. बाईंनी नाकातून 'हं' केलं, चहा अर्धा टाकला आणि त्या जिना चढून वर गेल्या.

सरावाच्या वेळी जे येत होतं ते बाईंनी झरझर सोडवलं. जे येत नव्हतं ते कोरं ठेवलं आणि वेळ संपायच्या आधीच पेन्सिल खाली ठेवून हाताची घडी घातली. शेजारी सायलीची पेन्सिल शेवटपर्यंत चालू होती.

मग सरांनी कागद शेजाऱ्याशी बदलायला सांगितले आणि एकेक उत्तर वाचायला सुरुवात केली. सायलीचा कागद बाईंच्या पुढ्यात आला. वरचे प्रश्न तिने विचार करून सोडवले होते, ते दिसत होतं. बरेच बरोबरही होते. खाली मात्र सीच सी, एकाखाली एक. त्यांतला एकही तिला येत नव्हता, हे बाईंना शपथेवर सांगता आलं असतं.

त्यांतले दोन लागले. बेरीज बाईंनी मनातल्या मनात आधीच केली होती. ते दोन धरले तर मुलगी जेमतेम निम्म्यावर येत होती. नाही धरले तर नव्हती.

सर बाकांमधून कागद गोळा करत मागे आले. बाईंनी त्या दोन उत्तरांपुढे बरोबरच्या खुणा केल्या; पण इतक्या फिक्या, की गुण मांडताना सरांना कागद खिडकीच्या उजेडात धरावा लागला.