सोमवारचा चहा कोणी करायचा

"सरांचं पुस्तक आलं बरं का," ग्रंथपाल म्हणाले आणि कोरी करकरीत प्रत त्यांनी नदीवालीच्या हातात ठेवली. "छापखान्यातच अडकलं होतं. सरांनी तर उन्हाळ्यातच हातावेगळं केलं होतं."

नदीवाली म्हणजे भूगोलाची प्राध्यापक. नद्या पात्र का बदलतात यावर तिचं पुस्तक चाललं होतं, म्हणून तिला सगळेच या नावाने ओळखायचे. सर म्हणजे गणिताचे सर. तिने प्रत उघडलीसुद्धा नाही. पुस्तक उन्हाळ्यात संपलं असेल, तर हिवाळाभर दर सोमवारी "या आठवड्याची दोन पानं नाही झाली" असं सर कशाबद्दल सांगत होते?

कॉलेजात पुस्तकं लिहायला घेतलेल्यांची दर सोमवारी बैठक असायची. तिचे नियम रसायनाच्या बाईंनी घालून दिले होते. आठवड्याचं काम आपणच ठरवायचं आणि पुढच्या सोमवारी "झालं" किंवा "नाही झालं" एवढंच सांगायचं. सबबी पायपुसण्यावर झटकून मगच आत यायचं. ज्याचं झालं नाही, त्याने शेजारच्या खोलीत जाऊन सगळ्यांसाठी चहा करायचा. आणि मोसमाच्या शेवटच्या सोमवारी, या मोसमाने आपल्याला काय दिलं आणि आपलं काय नेलं, तेही सांगायचं. बाई जिभेने तिखट होत्या. पण त्यांच्या धाकाने लोकांची पुस्तकं पुरी झाली, हे त्यांच्यावर डाफरणारेही कबूल करत.

नदीवालीचं मात्र काहीच पुरं होत नव्हतं. आईच्या आजारपणात दोन वर्षं गेली, मग आईही गेली, आणि परत कामावर आल्यावर शेवटचं प्रकरण काही केल्या हलेना. हिवाळा संपेपर्यंत ते गेलं नाही तर प्रकाशक करार मोडणार होता. पुस्तक नाही तर नोकरी कायम होणार नव्हती. पहिल्या सोमवारी "नाही झालं" म्हणताना तिची मान वर होईना. पुन्हा इथे पाऊल टाकायचं नाही, असं तिने मनाशी ठरवूनही टाकलं. तेवढ्यात गणिताचे सर म्हणाले, "माझंही नाही." आणि तिच्याआधी उठून ते चहाचं पातेलं शोधू लागले.

मग दर सोमवारी तेच. ती आधण ठेवायची, सर कप विसळायचे. "अडलंय कुठं?" ते विचारायचे. सरांना नदीतलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यामुळे तिला सगळं अगदी मुळापासून सांगावं लागायचं, आणि सांगता सांगता तिलाच वाट सापडायची. चहा उतू जायचा, पण प्रकरण पुढे सरकायचं. वर सरांचीच तिला दया यायची. निवृत्तीला आले, तरी बिचाऱ्यांचं पुस्तक काही संपत नाही. एकदा तर तिने त्यांना धीरही दिला होता. "सर, रोज अर्धं पान लिहा. जास्तीचा हट्टच धरू नका." सरांनी गंभीरपणे मान हलवली होती.

ते अर्धं पान आठवून आता तिचे कान तापले. म्हणजे यांनी आपली कीव केली. लहान मुलाला बरं वाटावं म्हणून मोठी माणसं शर्यतीत मुद्दाम हरतात, तसं. पुस्तक पिशवीत टाकून ती तडक बैठकीकडे निघाली. प्रकरण तिने सकाळीच प्रकाशकाला पाठवलं होतं. आज सगळ्यांसमोर ताठ मानेने "झालं" म्हणायचं होतं. त्या एका शब्दासाठी तिने हिवाळा काढला होता. आता त्याच दमात सरांचं बिंगही फोडायचं होतं.

मोसमाचा शेवटचा सोमवार म्हणून बाई ठेवणीतला चष्मा लावून आल्या होत्या. मोसमाने काय दिलं, काय नेलं ते चहाबरोबर ऐकू, असं सांगून त्यांनी इतिहासाच्या नव्या सरांपासून सुरुवात केली. ते नुकतेच बैठकीला येऊ लागले होते.

"नाही झालं," ते म्हणाले. "याही वेळी नाही." पेन त्यांनी आधीच खिशाला लावलं होतं, पिशवी मांडीवर घेतली होती. "पुढच्या मोसमात मला यायला जमेलसं वाटत नाही." बोलताना ते दाराकडे बघत होते.

ते बघणं नदीवालीला चांगलंच ओळखीचं होतं. तिने गणिताच्या सरांकडे पाहिलं. त्यांचा हात खुर्चीच्या पाठीवर होता, तोंड उघडायच्या बेतात होतं. उठणार होते पुन्हा. तिचा राग कुठल्या कुठे गेला. नुसती कीव करणारा माणूस हिवाळाभर गार पाण्यात कप विसळत नाही.

"तुझं काय गं?" बाईंनी तिला विचारलं. "आज तरी?"

ओठांवर आलेला शब्द तिने गिळला. जड गेला, पण गिळला.

"माझंही नाही," ती म्हणाली आणि सर उठायच्या आत उभी राहिली. मग इतिहासाच्या सरांकडे वळली. "चला सर. मी आधण ठेवते, तुम्ही कप विसळा. आणि अडलंय कुठं ते सांगा. मला इतिहासातलं काही कळत नाही, तेव्हा पहिल्यापासून सांगा."

ते गोंधळले. पण मांडीवरची पिशवी खुर्चीत ठेवून तिच्यामागे निघाले.

"आणि तुमचं हो?" बाई गणिताच्या सरांना विचारत होत्या.

नदीवालीने दारातून वळून पाहिलं. सर तिच्याकडेच बघत होते.

"माझं झालं," ते म्हणाले, आणि खुर्चीत नीट मागे रेलून, त्या हिवाळ्यात पहिल्यांदाच, चहाची वाट बघत बसले.